अर्धं छप्पर, अर्धी दाढी

"स्टे!" राजेसाहेब गरजले आणि लिंबाजी न्हाव्याचं छप्पर अर्ध्यावर अडकलं.

कोळंबगडचे राजेसाहेब विलायतेला गेले आणि तिथल्या कोर्टातला हा एवढा एकच शब्द घेऊन परतले. कुणी तक्रार केली रे केली, की स्टे! म्हणजे निकाल लागेपर्यंत सगळं जैसे थे. कुणी कशाला हात लावायचा नाही. आता निकाल लावायचा कुणी? राजेसाहेबांनीच! पण शब्द एकदा झोकात उच्चारला, की स्वारी शिकारीला मोकळी.

शेजारचे किल्लेदार म्हणाले, "न्हाव्याच्या वळचणीचं पाणी आमच्या अंगणात पडेल." झालं! अर्ध्या घरावर कौलं, अर्ध्यावर आभाळ. त्यात लिंबाजीची लेक सगुणा बाळंतपणाला आलेली, दिवस भरत आलेले आणि मृग तोंडावर.

लिंबाजी दरबारात हात जोडून उभा राहिला. "सरकार, लेक सगुणेचे दिवस भरत आलेत, निकाल द्या. माझ्याविरुद्ध द्या हवं तर, पण द्या!"

"स्टे दिलाय ना? मग घाई कसली?" राजेसाहेब मिशीत हसले. "बरं, असं कर. 'निकाल आत्ताच्या आत्ता लागलाच पाहिजे' हे माझ्याच तोंडून वदवून दाखव. काहीही कर, शिक्षा नाही. जमलं तर तिथल्या तिथं निकाल. नाही जमलं, तर पावसाळाभर राहा तसाच!"

दरबार खो खो हसला. किल्लेदार तर जरा जास्तच. लिंबाजी मुजरा करून निघाला. घरी जाऊन वस्तऱ्याला धार लावत बसला.

दुसऱ्या दिवशी राणीसाहेबांचे वडील यायचे होते. माणूस भारी कडक, जावयात खोट काढायला टपलेला! राजेसाहेब सकाळीच दाढीला बसले. उजवा गाल तुळतुळीत झाला. डाव्या गालावर फेस चढला, आणि लिंबाजीनं वस्तरा मिटून धोपटीत टाकला.

"का रे?"

"तक्रार आलीय, सरकार. डावा गाल म्हणतो, मला वस्तरा नको. स्टे!"

"गाढवा! अरे, कोण आहे तिकडे? दुसरा न्हावी बोलवा!"

"स्टे सगळ्यांनाच लागू असतो, सरकार."

"निदान फेस तरी पूस!"

"फेससुद्धा जैसे थे."

राजेसाहेबांनी फेस पुसायला पंच्याकडे हात नेला.

"हां हां! सरकारच स्टे मोडणार? मग गावात पाळणार कोण?"

हात मुकाट्यानं मागं आला. फेस वाळू लागला, गालाला खाज सुटली. इतक्यात बाहेर शिंग वाजलं. सासऱ्यांची पालखी आली! किल्लेदार वर्दी द्यायला धावतच आत आले आणि राजेसाहेबांचं तोंड बघून जागीच थिजले.

"किती वेळ बसू रे असा?" राजेसाहेब कळवळले.

"निकाल लागेपर्यंत."

"तो कधी लागणार?"

"स्टे दिलाय ना, सरकार? मग घाई कसली?"

"घाई कसली? अरे मेल्या, सासरे दारात आलेत! निकाल आत्ताच्या आत्ता लागलाच पाहिजे!"

बोलले आणि राजेसाहेब थबकले. मग असे काही हसत सुटले, की फेसाचा गोळा उडून थेट किल्लेदारांच्या पगडीवर बसला.

"लावला निकाल! वळचणीला पन्हळ बसवा, पाणी रस्त्याकडं काढा. पन्हळ आणि उरलेली कौलं किल्लेदारांच्या खर्चानं! सगुणेच्या बाळाला पाळणा राजवाड्यातून! चल, आता आटप हा गाल!"

लिंबाजीनं वस्तरा काढला, पण उघडला नाही.

"माफी असावी, सरकार. आधी कौल, मग गाल!"

किल्लेदार पगडी सावरत कौलं आणायला पळाले. सासरे आत आले, तेव्हा अर्ध्या दाढीचे जावई पोट धरून हसत होते.