कापलेला कान

चूक थोरल्या बोक्याची होती, हे आधीच सांगतो. बंदरावरचे बोके एकमेकांशी बोलायचे, तेव्हाची ही गोष्ट.

थोरल्याचे दात पडले होते. त्याच्या पोरांपैकी एकटा भुरक्या उरला होता. तोच त्याला मऊ मासळी आणून द्यायचा आणि थंडीत पाठीला पाठ लावून झोपायचा.

एकदा डॉक्टरीणबाई पिंजरे घेऊन आल्या. शेजारचा ढवळ्या पिंजऱ्यात शिरला आणि चार दिवसांनी नसबंदी होऊन, ओळखीसाठी कानाचं टोक कापून परतला.

"आता मारामारीला जावंसंच वाटत नाही," तो भुरक्याला म्हणाला. "सुकटीवर मुतत नाही, म्हणून सुकट विकणारी चांगुणाबायपण हाकलत नाही. तूही जाऊन ये."

भुरक्या पिंजऱ्याकडे निघाला तसा थोरला गुरगुरला, "आपल्या घराण्यात कुणाचा कान कापलेला नाही. असला नामर्द माझ्या पाठीला नको."

"आबा, आपल्या घराण्यात तुमच्याशिवाय म्हातारा झालाय तरी कोण?"

थोरल्याने पाठ फिरवली. तेवढ्यावर भुरक्या जायचा थांबला.

माघात एका मांजरीच्या हाकेमागे तो पलीकडच्या बंदरावर गेला. तिथल्या बोक्यांनी त्याची मान फाडली. जखम सडली आणि आठव्या दिवशी तो एका उलट्या होडीखाली मेला.

ढवळ्याने येऊन सांगितलं, तेव्हा थोरला म्हणाला, "मर्दासारखा गेला."

ढवळ्या चांगुणाबायच्या ओट्यावर झोपायला गेला.

थोरल्याने उरलेली थंडी एकट्याने काढली.