दोराचा आत्मा

“उद्या दुपारपर्यंत दोरात आत्मा घाल, नाहीतर संस्थानातून चालता हो!”

खंबीरराव महाराजांनी दोर वळणाऱ्या रखमाजीला असं फर्मान सोडलं. नदीवरच्या झुलत्या पुलासाठी त्यानं तारांचे दोर वळून ठेवले होते. पण पूल बांधणारा फ्रेंच इंजिनिअर आजारी पडून मायदेशी गेला आणि मागे राहिलं त्याचं पुस्तक. दरबारचे दुभाषी विसूपंत यांनी मांडीवर कोश घेऊन ते आधी इंग्रजीत केलं, मग मराठीत. त्यात आलं, ‘दोराच्या मधोमध तेलात भिजवलेला आत्मा असावा.’

इंग्रजीत तो शब्द होता ‘सोल’. एका कारकुनानं बुटाचं सोल समजून थेट मोचीच बोलावला! शास्त्रीबुवांनी दोराची प्राणप्रतिष्ठा सुचवली, अर्थातच दक्षिणेसकट. बाकीचा दरबार नुसत्या माना डोलावत बसला. कळलं नाही असं म्हणायची छाती कोणाची?

रखमाजीनं घरी येऊन सगळं सांगितलं आणि कपाळाला हात लावला.

“मधोमध? आणि तेलात भिजवलेला?” त्याची लेक येसू खुदकन हसली. “बा, रडतोस काय असा! उद्या मी येते.”

दुसऱ्या दिवशी हातभर दोर घेऊन ती दरबारात उभी राहिली.

“आत्मा आणलास?” महाराज गुरगुरले.

“आधी पंतांना एक विचारू, सरकार? आत्मा नसला तर दोराचं काय होतं म्हणे?”

विसूपंतांनी पान उलटलं. “चपटा होतो. तारा एकमेकींवर घासून तुटतात.”

“अगं बाई! मग हा घ्या!” येसूनं तारांचे पीळ उलगडले आणि तेलानं काळी झालेली अंबाडीची दोरी मधून ओढून काढली. “ह्याला आम्ही गाभा म्हणतो. माझ्या बानं तो पहिल्याच दिवशी घातलाय!”

विसूपंत लालबुंद झाले. “कोशात त्या फ्रेंच शब्दाचा अर्थ आत्माच आहे! पोरी, तुला फ्रेंच तरी येतं का?”

“नाही पंत. मला दोर येतो!”

महाराज असे खदखदून हसले, की फेटा दोन्ही हातांनी धरावा लागला. येसूला चांदीचे तोडे मिळाले, रखमाजीला पुलाचं सगळं काम.

“आणि पंत,” महाराज डोळे पुसत म्हणाले, “पुढचं पान लिहिण्याआधी महिनाभर रखमाजीकडे दोर वळा. आत्मा घालायला तेवढं विसरू नका!”