बिनगाठीचा टाका

“पण गाठच नसेल, तर टाका सुटणार नाही कशावरून?”

या एका प्रश्नानं मला रात्रभर जागं ठेवलं होतं. माझ्या हृदयाच्या पडद्याला जन्मापासून छिद्र आहे. ते कळलं मात्र शाल्मली झाल्यावर, जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा. आता शाल्मली साडेचार वर्षांची आहे, परवा माझं ऑपरेशन आहे, आणि माझ्या सर्जन उकिडवेबाई ते छिद्र बिनगाठीच्या धाग्यानं शिवायचं म्हणत होत्या.

मी एम. एस्सी. आहे. म्हणजे अर्धवट वाचून पुरतं घाबरण्याइतकी पात्रता माझ्याकडे आहे. मिरजेला दवाखान्यात, बाईंच्या खोलीत बसून मी माझं सगळं वाचन त्यांना ऐकवलं. बाईंचं आयुष्य हृदयं शिवण्यात गेलेलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग सांगितलं, या धाग्यावर बारीक काटे असतात, सगळे एकाच दिशेला कललेले. धागा पुढे जातो, मागे फिरत नाही. बरगड्यांमधल्या लहानशा छेदातून आत गाठी मारत बसणं अवघड, म्हणून हा धागा. मला गाठीच हव्या असतील तर त्या छाती उघडून गाठी मारतील. ठरवायचं मी, आणि आजच.

“गाठ पक्की असते,” मी म्हणाले.

“कधी सुटत नाही?”

“...सुटते. पण दिसते तरी.”

बाई माझ्या ओढणीकडे बघत होत्या. तिचं एक टोक मी शाल्मलीच्या फ्रॉकच्या पट्ट्याला बांधलं होतं. दुहेरी गाठ मारून.

“हे काय?”

दवाखान्यात गर्दी असते, मी सांगितलं. हात सुटला, कुठे गेली, तर...

“शेळी आणलीयेस होय?”

शाल्मली लगेच “बॅऽऽ” म्हणाली. माझी लेक कुणाच्या बाजूची आहे, हे मला कधी कळत नाही.

बाई वाकल्या. शाल्मलीच्या मोज्यांत कुसळं रुतली होती. त्यांनी त्यातलं एक उपटलं आणि टोक वर करून माझ्या बाहीत, मनगटापाशी सरकवलं. मग ओढणीची गाठ सोडली. नखांनी, सावकाश.

“जा गं, अजून घेऊन ये.”

शाल्मली मागच्या दारानं अंगणात पळाली. अंगणाला कुंपण होतं. खिडकीतून मला त्यातलं अर्धंच दिसत होतं, आणि ती नेमकी उरलेल्या अर्ध्यात गेली.

मी खुर्चीतून अर्धवट उठले, बसले. ओढणी बोटाला गुंडाळली, सोडली. मनगटावरचं घड्याळ वरखाली केलं.

“बाई, समजा सगळं नीट झालं... घरी गेले, पुढेमागे तिला कडेवर घेतलं... आणि तेव्हा टाका सुटला तर?”

बाईंची नजर माझ्या बाहीवर होती.

“तिला कोण...”

माझं वाक्य पुढे गेलं नाही. कोपराजवळ काहीतरी टोचलं.

“कुसळ कुठंय?” बाईंनी विचारलं.

मी बाही चाचपली. “इथे. कोपराशी.”

“कुणी ढकललं?”

“कुणीच नाही.”

“मागे ओढ.”

मी बाहेरून चिमटीत धरून ओढलं. बाही गोळा झाली, शिवण ताणली गेली. कुसळ जागचं हललं नाही.

बाहेर शाल्मलीचा आवाज नव्हता... मग पायरीवर पावलं वाजली. ती आली, दोन्ही मुठी गच्च, केसांत गवत. मी सवयीनं ओढणीचं टोक तिच्या पट्ट्यापर्यंत नेलं. तसंच सोडून दिलं.

“बिनगाठीचाच घाला,” मी म्हणाले.

“भीती गेली?”

“नाही.”

“असू दे. त्या भीतीनंच वर चढवलं ते कुसळ, तुझा हात चाळवून.”

म्हणजे काय, असं विचारायला मी तोंड उघडलं. पण शाल्मलीनं एक मूठ माझ्यापुढे धरली आणि हळूच म्हणाली,

“ही बाबांच्या बाहीत घालायची. त्यांना आधी सांगू नकोस हं.”