खांद्यावरून जाणारी नाव

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला एक कालवा होता, आणि त्या कालव्याला एक पायरी होती.

कालव्याला कसली पायरी, असं कुणीही विचारेल. तर तिथं जमीन एकदम दोन पुरुष उंचीएवढी खाली उतरत होती. पाणी उडी मारून खाली जातं, नाव जाऊ शकत नाही. म्हणून फार पूर्वी गावातल्या लोकांनी तिथं एक लांबट दगडी हौद बांधला. हौदाला दोन लाकडी दारं, एक वरच्या अंगाला, एक खालच्या. प्रत्येक दाराच्या तळाशी एक छोटी झडप, आणि ती झडप उचलायला काठावर एक लोखंडी चाक. वरून पाणी घेऊन हौद भरायचा, नाव आत घ्यायची, वरचं दार लावायचं आणि मग खालच्या झडपेतून पाणी सोडायचं. पाण्याबरोबर नाव आपोआप खाली उतरायची आणि खालच्या दारातून पुढं जायची. सगळं काम दोन हातांचं. गावकरी या हौदाला पायरीच म्हणत.

पायरी बांधायच्या आधी नावा खांद्यावर उचलून उतारावरून खाली न्याव्या लागत. त्यात माणसं घसरायची, पाय मोडायचे. ज्यांनी पायरी बांधली, त्यांनी स्वतः नावा वाहिल्या होत्या. आपल्या पोरांवर ही वेळ येऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

ही झाली पूर्वजांची गोष्ट. आता वंशजांची.

गावात पाच पंच होते. त्यांचे प्रमुख थोरले आबा. पायरी बघायला एकदा लांबून कुणीतरी आलं आणि म्हणालं, किती जुनी आहे, किती सुंदर आहे, जपा हिला. त्या दिवसापासून पंचांच्या डोक्यात जपणं शिरलं. त्यांनी चाकांना भरजरी शेले गुंडाळले. दारांना तोरणं बांधली. भोवती दोरी लावली. वापरलं की झिजतं, झिजलं की संपतं, असं ठरवून त्यांनी पायरी बंद केली. कालव्याचं पाणी बाजूच्या चरातून खाली जाऊ लागलं.

आणि नावा?

नावा पुन्हा खांद्यावर आल्या.

गावातली तरणी पोरं सकाळी उतारावर येऊन उभी राहत. वरून नाव आली की आधी माल उतरवायचा, तो खाली न्यायचा, मग नाव उलटी करून खांद्यावर घ्यायची, खाली नेऊन पाण्यात सोडायची आणि माल परत भरायचा. त्यांच्या खांद्यांना बैलाच्या मानेसारखे घट्टे पडले होते. लोक त्यांना खांदेकरी म्हणत. दुसऱ्या गावांत माणूस मेल्यावर खांदेकरी लागतात. या गावात रोज लागत.

पंचांनी मात्र आयुष्यात एकही नाव उचलली नव्हती. ते तरणे होते तेव्हा पायरी चालू होती. ते आरामात नावेत बसून खाली गेले, आरामात वर आले, लग्नं केली, पोटं सुटली, आणि मग आपल्यामागं दार लावून घेतलं. वर पोरांना सांगायचे, आजकालच्या पिढीला कष्ट नकोत.

सटवा हा थोरल्या आबांचा सख्खा नातू. तोही खांदेकरी. एकदा जेवताना त्यानं आजोबांना विचारलं होतं, की पायरी आहे तर आपण नावा का वाहतो. आबांनी घास खाली ठेवला आणि त्याला बराच वेळ ऐकवलं. पायरी म्हणजे पूर्वजांची पुण्याई. तुमच्या हातात दिली तर चार दिवसांत मोडून ठेवाल. आधी लायकी कमवा, मग हात लावा. लायकी कशी कमवायची, ते त्यांनी सांगितलं नाही. सटवाच्या आईनं ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि डोळ्यांनीच त्याला गप्प राहायला सांगितलं. तो गप्प राहिला. त्या घरात गप्प राहण्यालाच संस्कार म्हणत.

एके दिवशी सकाळी गावात पाहुणे आले. पायरी बघायला असे पाहुणे अधूनमधून येतच. पंचांनी मांडव घातला, पाहुण्यांना सतरंजीवर बसवलं, पन्हं दिलं, आणि थोरले आबा बोलायला उभे राहिले.

त्याच वेळी वरून एक नाव आली. नावेत चंद्राक्का होती आणि तोंडाला ओलं फडकं बांधलेली मातीची मडकी होती. मडक्यांत माशांची पिल्लं होती, तांदळाच्या दाण्याएवढी. खालच्या गावांतल्या तळ्यांत सोडायला ती पिल्लं विकायची, हा तिचा धंदा. या हंगामात दोन वेळा ती पिल्लं घेऊन आली होती. दोन्ही वेळा उतारावर मडकी हिंदकळली, काही फुटली, आणि खाली पोचेपर्यंत पिल्लं उलटी तरंगायला लागली. खालच्या तळेवाल्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, की याही खेपेला मेलेली आणलीस तर परत येऊ नकोस. आणि ऊन डोक्यावर यायच्या आत पिल्लं तळ्यात पडली नाहीत, तर मडक्यातलं पाणी तापून ती तशीही मरणार होती.

सटवा आणि त्याचे सोबती नावेजवळ गेले. चंद्राक्कानं मडक्यांवर हात आडवा धरला.

"खांद्यावर द्यायची नाहीत," ती म्हणाली. "तुमचा दोष नाही रे पोरांनो, उतारच तसला आहे. पण या बारीला मी दारातून जाणार. दार उघडा."

खांदेकरी एकमेकांकडं बघायला लागले. मांडवात थोरले आबा रंगात आले होते. पाहुण्यांना सांगत होते, की पूर्वी या गावात माणसं खांद्यावर नावा वाहायची, किती हाल, किती यातना, आणि आमच्या थोर पूर्वजांनी त्या हालांतून गावाला कायमचं सोडवलं. हे ते बोलत होते तेव्हा त्यांच्या पाठीमागून उतारावर आधी आलेली दुसरी एक नाव चालली होती, खाली आठ पाय. पाहुण्यांतल्या एक बाई नावेकडं बघत होत्या, मग आबांकडं, मग परत नावेकडं. पन्ह्याचा पेला त्यांच्या हातात तसाच राहिला.

चंद्राक्का सरळ मांडवात शिरली. तिनं पंचांना नमस्कार केला आणि दार उघडायची विनंती केली. सगळं नीट सांगितलं: मडकी, ऊन, तळेवाल्यांचा निरोप.

आबांना बोलणं तुटलेलं आवडलं नाही. ते म्हणाले, ही ऐतिहासिक वास्तू आहे, जाण्यायेण्याची वाट नाही. उघडली तर झिजेल.

"आजोबा," चंद्राक्का म्हणाली, "उंबरा झिजला नाही, तर समजावं त्या घरात कुणी राहत नाही."

पंचांपैकी एक जण म्हणाले, परगावच्या बाईनं आम्हाला शिकवू नये. दुसरे म्हणाले, माशांच्या पिल्लांसाठी इतिहास मोडायचा का. तिसऱ्यांनी तिच्या मडक्यांना वास येतो म्हणून नाकाला उपरणं लावलं. आणि आबांनी मांडवातूनच नातवाला हुकूम सोडला.

"सटव्या, बघत काय उभा राहिलास? घे ती नाव खांद्यावर."

सटवा नावेपाशी गेला. सवयीनं वाकला, पहिलं मडकं उतरवायला हात घातला. शेजारच्या मडक्यावरचं फडकं थोडं सरकलं होतं. आत पिल्लं पाण्याच्या अगदी वरच्या थरात येऊन तोंडं उघडमीट करत होती. ऊन चढत होतं. आता उचललं की काय होणार, हे त्याला दोन वेळा बघून माहीत होतं. मडकी त्याच्याच हातून हिंदकळली होती.

त्यानं हात काढून घेतला आणि ताठ उभा राहिला.

"उचलतो," तो म्हणाला. "पण आबा, आज एक टोक तुम्ही धरा."

आबांना वाटलं, पोरगा थट्टा करतोय. सटवा थट्टा करत नव्हता. त्यानं शांतपणे सांगितलं, की पाहुण्यांना तुम्ही एवढं वाहण्याबद्दल सांगताय, तर एकदा वाहून दाखवा. पाचही जण या. मडकीसुद्धा नकोत, नुसती रिकामी नाव. उतारावरून खाली नेऊन पाण्यात सोडलीत, तर मी जन्मभर नावा वाहीन आणि दाराचं नाव काढणार नाही.

आबांचा गुडघा त्याच क्षणी दुखायला लागला. दुसऱ्या पंचांची कंबरदुखी जुनी होती. तिसऱ्यांनी नुकताच नवा सदरा घातला होता. चौथे म्हणाले, वाहणं हे तरण्या वयाचं काम असतं. पाचवे पन्हं आणायला गेले आणि परत आलेच नाहीत.

"मग मी दार उघडतो," सटवा म्हणाला.

"हात लावलास तर माझ्या घरात पाय ठेवायचा नाही," आबा म्हणाले.

सटवानं एकदा मान हलवली, जसं कुणी निरोप ऐकून हलवतं, आणि दोरी ओलांडली. त्याच्यामागून बाकीचे खांदेकरी गेले. चाकांवरचे शेले त्यांनी सोडले. आत चाकाचा कण न् कण गंजला होता.

आधी कुठलं चाक फिरवायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. सटवानं पंचांना विचारलं. आबा म्हणाले खालचं. दुसरे म्हणाले वरचं. तिसरे म्हणाले, आधी नारळ फोडायचा. पायरीच्या पहिल्या दिवशी कुणाच्या पणजोबांना मानाचा फेटा बांधला होता, हे त्यांना फेट्याच्या रंगासकट पाठ होतं. चाकाचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

पोरांनी मग दोन्ही चाकं फिरवली. दोन दोन जण एका चाकाला लागले तेव्हा ती कशीबशी हलली. वरच्या झडपेतून पाणी आत आलं, खालच्या झडपेतून निघून गेलं. हौद काही भरेना.

"बघा," आबा पाहुण्यांना म्हणाले, "वाट लावली."

"चुकलं," सटवा म्हणाला, आणि खालची झडप बंद करायला सांगितली.

आता पाणी चढायला लागलं. पण खालचं दार इतकी वर्षं कोरडं राहून तडकलं होतं, फळ्याफळ्यांत फटी पडल्या होत्या. जपून जपून त्याची ही दशा झाली होती. रोज भिजलं असतं तर लाकूड फुगून घट्ट राहिलं असतं. फटींतून पिचकाऱ्या उडू लागल्या. सटवानं चाकावरचे भरजरी शेले फाडले, पट्ट्या केल्या, आणि पोरांनी त्या दाराच्या फटींत ठोसून भरल्या. एक पंच कळवळून ओरडले. शेला त्यांच्या घरचा होता.

हौद भरला. वरचं दार ढकलायला लांब तुळई होती, तिला पोरांनी पाठी लावल्या. दार हलेना. चंद्राक्का म्हणाली, थांबा जरा, आत अजून पाणी कमी आहे. ते थांबले. आतलं आणि बाहेरचं पाणी एकसारखं झालं तसं दार असं सरकलं, की जोर लावून ढकलणारी पोरं तोंडावर पडता पडता राहिली. पाहुण्यांपैकी काही जण तोवर मांडव सोडून तुळईला लागले होते. पन्ह्याचा पेला हातात घेतलेल्या बाई त्यांत होत्या.

नाव आत आली. वरचं दार लागलं. वरची झडप पडली, खालची उघडली, आणि मडक्यांनी भरलेली नाव पाण्याबरोबर खाली जाऊ लागली. एक थेंबही हिंदकळला नाही. चंद्राक्का एका मडक्याच्या तोंडावर वाकून बसली होती. तिनं वर बघितलंच नाही. खालचं दार उघडलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "येते रे. परवाच्या दिवशी वर जायचंय, जागेवर राहा."

एका मडक्यातली पिल्लं गेली होती. बाकीची सगळी जिवंत तळ्यात पडली.

संध्याकाळी पंच बसले. सटवाला घराबाहेर काढलं. पायरीला नवी दोरी बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी वरून मिठाची नाव आली, आणि एकही खांदेकरी उठला नाही. सगळे उतारावर बसून राहिले. आबांनी शिव्या दिल्या, मग समजावलं, मग पूर्वजांची शपथ घातली. पोरं म्हणाली, पूर्वजांना जे सांगायचं होतं ते त्यांनी तिथं दगडात बांधून ठेवलंय, ते आम्ही वाचलं. मीठवाल्यानं थोडा वेळ वाट पाहिली, मग स्वतःच दोरी सोडली. सटवानं त्याला चाक दाखवलं.

त्यानंतर दोरी कुणी बांधली नाही. दारं रोज भिजू लागली, फटी मिटल्या. चाकांना तेल मिळू लागलं. पाहुणे अजूनही येतात, पण मांडवात बसत नाहीत, तुळईला पाठ लावून बघतात. सटवा हौदाशेजारी खोपट बांधून राहतो. त्याची आई रोज दुपारी सगळ्यांसमोरून त्याच्यासाठी भाकरी घेऊन जाते.

पुढं कधीतरी थोरल्या आबांना खालच्या गावी लग्नाला जायचं होतं. त्यांची नाव पायरीशी आली. सटवानं हौद भरला, दार उघडलं, नाव आत घेतली. आबा गादीवर बसले होते. नाव खाली जायला लागली तशी त्यांनी नावेच्या काठाला घट्ट धरलं आणि म्हणाले, "जरा हळू."

खाली पोचल्यावर वऱ्हाडी मंडळींनी विचारलं, की एवढ्या वर्षांनी पायरी चालू कशी झाली. आबांनी फेटा सारखा केला आणि सांगितलं, की पोरांना जमत नव्हतं, शेवटी मी उभा राहून उघडून घेतली.

सटवाला हे कळलं तेव्हा तो दुसरी नाव आत घेत होता. मागं तिसरी थांबली होती. त्याला वेळ नव्हता.

तात्पर्य: ज्यांनी खांद्यावरचं ओझं उतरवलं, त्यांचं काम नुसतं पूजेला बसवलं की ओझं परत खांद्यावर येतं. ते ज्याच्या खांद्यावर येतं, त्यानं दार उघडायला न वाहणाऱ्यांची परवानगी मागत बसू नये.