पिवळ्या रंगाचे दोन हात

एका गावात एक भोळा नवरदेव होता. म्हणजे अजून झाला नव्हता, व्हायचा होता. नाव गुणाजी. त्याच्यात गुण कुठे होते ते त्याच्या आत्यालाच ठाऊक, कारण तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता.

शेजारच्या गावच्या केरबांनी आपली शेवंता दाखवायचं कबूल केलं होतं. पण माणूस कडक. गंजक्या गाडीवर आलेलं एक स्थळ त्यांनी दारातूनच परतवून लावलेलं. आणि गुणाजीच्या स्कूटरच्या हँडलचं, बंपरचं क्रोम उडून नुसत्या खपल्या धरल्या होत्या.

"हे स्थळ गेलं तर जन्मभर माझ्याच हातचं खाशील," आत्या म्हणाली. "जा, नानांना विचार."

नाना गावचे रंगारी. ते म्हणाले, "पिवळा रंग देऊ. आधी पेपर मार."

गुणाजीने न्हाव्याच्या दुकानातून शिळं वर्तमानपत्र आणलं, त्याची गुंडाळी केली आणि हँडलला मारली. घाम फुटेपर्यंत मारली.

"आरं, पॉलिश पेपर," नाना म्हणाले. "मारायचं म्हंजी घासायचं. चकाकी गेली पायजे. गुळगुळीत जाग्यावर रंग धरत न्हाय."

"असं होय," म्हणून गुणाजीने घासलं. मन लावून घासलं. पोरगा आळशी नव्हता, हीच तर पंचाईत होती.

"आता अस्तर मार," नाना म्हणाले.

गुणाजीने आत्याच्या नव्या पोलक्याचं अस्तर उसवलं. मारायचं म्हणजे घासायचं, हे आता त्याला पक्कं ठाऊक होतं. चिंध्या होईपर्यंत त्याने हँडल घासलं. त्या दिवशी आत्याने त्याला जेवायला वाढलं नाही.

"अस्तर म्हंजी रंगाआधीचा रंग, बाबा. तो लाव. मग पिवळ्याचे दोन हात दे. पहिला सुकला की दुसरा."

गुणाजीने अस्तर बरोबर लावलं. मग उजवा हात पिवळ्या डब्यात मनगटापर्यंत बुडवला आणि उन्हात धरून बसला. तो सुकल्यावर डावा बुडवला.

"दोन्ही हात झाले, नाना. हँडल कधी करायचं ते तुम्ही सांगितलंच न्हाई."

नानांनी आधी पिवळ्या डब्याचं झाकण लावलं. मग त्यांनी रॉकेलचा बोळा त्याच्या हातात दिला. "हात म्हंजी थर. आता एकच ध्यानात ठेव. काय बी पिवळं करायचं असंल तर आधी घासायचं, मग अस्तर, मग दोन थर. तवाच रंग टिकतो."

गुणाजीने हे तोंडपाठ केलं.

ठरल्या दिवशी पिवळीधमक स्कूटर केरबांच्या दारात उभी राहिली. केरबांनी हँडल नखाने खरवडून पाहिलं. रंग हलला नाही. "पोरगा कामाचा दिसतोय," ते म्हणाले. पोहे झाले, चहा झाला. शेवंताने खालमानेनेच होकार दिला. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग ठरलं," केरबा म्हणाले. "आता पोरीचे हात पिवळे करून टाकू. उगं उशीर नको."

गुणाजी लगेच उठला. स्कूटरच्या डिकीतून सगळं सामान काढून आणलं आणि शेवंतासमोर मांडी घालून बसला. आत्याने डोळे मिटून घेतले.

"हात पुढं करा," पॉलिश पेपरची घडी करत तो म्हणाला. "आधी चकाकी घालवू. सांजच्यापर्यंत दोन्ही सुकतील. आन् रंग उरलाच, तर तोंडाचं बी बघू. लईच गुळगुळीत हाय."