तटावरचा निळा धबधबा

एका राज्यात, जिथे साळुंक्या दरबारात साक्ष देत आणि त्याचे कुणाला नवल वाटत नसे, वीरबाहू राजा न्यायाने राज्य करी. करालनख नावाच्या मांत्रिकाने त्याच्याकडे निम्मे राज्य मागितले. राजाने साफ नकार दिला. मांत्रिकाने राख फुंकली आणि राजा सिंहासनावर बसल्या जागी शिळा झाला.

"तुमच्या तटावरून पाण्यावाचून निळा धबधबा कोसळेल, तेव्हाच हा उठेल," असे म्हणून मांत्रिक हसत निघून गेला.

प्रधान हात जोडून म्हणाला, "राजकन्ये, तटावरून निळे रेशीम सोडू या."

"चिंध्या टांगून माझे वडील उठायचे नाहीत," सुवर्चला म्हणाली. "जे कोसळेल ते जिवंत असेल."

खिडकीतल्या म्हाताऱ्या धनेश पक्ष्याने मान डोलावली. "अशी एक वनस्पती आहे. लोबेलिया तिचे नाव. भिंतीवरून लोंबते, निळी फुलते. तिचे बी नागाच्या गुहेत, करालनखाने शापलेल्या खजिन्यात आहे. बियांखेरीज कशालाही हात लावू नकोस."

गुहेत माणकांच्या राशी होत्या. त्यांना हात लावणारे तांब्याचे पुतळे होऊन उभे होते. सुवर्चलेने राशींकडे वळूनही पाहिले नाही. धुळीसारख्या बारीक बियांची चिमूट तिने पदरात बांधली.

"एवढेच?" नागाने विचारले.

"एवढेच. पुढचे माझे मी करीन."

बी आणणे हे पहिले काम झाले. दुसरे होते बी रुजवण्याचे. धनेशाने बजावले, "मातीवर भुरभुरव, झाकू नकोस. त्याला उजेड हवा. वरून पाणी ओतलेस तर वाहून जाईल." तिने कुंड्या पाण्याने भरलेल्या परातींत ठेवल्या, माती खालून पाणी प्याली. थंडीच्या दिवसांत हिरवी लव उगवली. दासी मदतीला धावल्या, पण तिने कुणाला हात लावू दिला नाही. कोवळे शेंडे स्वतः खुडले, तशा फांद्या दाट झाल्या. मग तिने रोपे तटाच्या माथ्यावर ओळीने लावली. रोपे खाली झुकली, निळी फुलू लागली.

करालनखाने तप्त वारा सोडला. फुले करपली. तटाखाली प्रजा रडू लागली.

"आता तिसरे काम," धनेश म्हणाला. "सगळे छाट."

"मी वाढवलेले?"

"तूच वाढवलेस, म्हणून तूच छाट."

तिने कात्री उचलली. कात्रीखाली वाळल्या फांद्या पडत गेल्या. मग तिने तटावर ओल्या वाळ्याचे पडदे बांधले आणि रोज मुळाशी पाणी दिले. वारा पडद्यांतून गार होऊन येऊ लागला. बुंध्यांतून नवे धुमारे फुटले.

एका सकाळी तट दिसेनासा झाला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत निळे, नुसते निळे!

करालनख धावत आला. "हा रंग फासलेला आहे!" त्याने मूठभर फुले ओरबाडली. बोटांना जिवंत फुलांचा ओला रस लागला, त्याचा शाप त्याच्यावरच उलटला आणि तो उभ्या उभ्या राख होऊन उडाला. गुहेतले पुतळे माणसे होऊन आपापल्या घरी निघाले. सिंहासनावरच्या शिळेने श्वास घेतला.

राजा तटापाशी आला.

"हे कोणी केले?"

"मी केले, बाबा."

राजाने तिचे मातीने माखलेले हात आपल्या हातांत घेतले, प्रजेला दिसतील असे उंच धरले आणि म्हणाला, "पाहा! ही माझी लेक!"