फौजदारबाई आणि टीव्हीचा कॅमेरा

खुनांचा तपास करणाऱ्या पोलिसांवर टीव्हीचा एक कार्यक्रम चित्रित होत होता. मुलाचा खून झालेल्या हौसाबाई जबाब द्यायला ठाण्यात आल्या, तसा दिग्दर्शक कॅमेरा घेऊन धावला. "मॅडम, वरून परवानगी आहे. माउलीचं रडणं अगदी जवळून हवं!"

हौसाबाईंनी पदराने तोंड झाकलं. फौजदार वत्सला गायधनींचा जीव कळवळला. पण वरच्यांचा हुकूम मोडायचा कसा?

"घ्या की," त्या म्हणाल्या. "फक्त, जबाब टिपला की कॅमेरा पुरावा झाला. निकाल लागेपर्यंत तो इथंच जमा राहील."

"निकाल कधी लागेल?"

"मागचा अकरा वर्षांनी लागला."

दिग्दर्शकाने कॅमेरा आवरून बाहेरची वाट धरली. दार लोटून वत्सलाबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "मावशी, आता मोकळेपणी रडा. जबाब मागाहून घेऊ."